तिसरी हाक

वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, धरणाचं पाणी जिथं वळण घेतं, तिथं सात-आठ घरांची एक वाडी आहे. तिथल्या गोविंदाला सत्तरी उलटली तरी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. त्याला तशी हौसही नव्हती. हौस होती ती त्याच्या बायकोला, सारजाबाईला. भात लावता लावता मध्येच कंबर सरळ करून ती विचारायची, आपल्या धरणात एवढं पाणी, तर समुद्रात किती असंल वं? गोविंदा म्हणायचा, जाऊ एकदा आणि मोजून येऊ. ते जाणं राहूनच गेलं. मागच्या दिवाळीच्या तोंडावर तीन दिवसांच्या तापात ती गेली.

त्यांचा मुलगा करण लोणावळ्याला, तुंगार्लीत राहायचा. तिथले पाच-सहा बंगले तो सांभाळायचा, आल्यागेल्या पाहुण्यांचं बघायचा. त्यातले एक गृहस्थ सहली काढायचे. करणच्या कामावर खूश होऊन त्यांनी त्याला जहाजाच्या सहलीत चार माणसांची जागा भेट दिली. मुंबईहून निघायचं, दोन दिवस पाण्यावर काढायचे, लक्षद्वीपकडच्या एका बेटावर उतरून दिवसभर फिरायचं आणि परत. करण, त्याची बायको सुषमा, सात वर्षांची तेजल आणि चौथा गोविंदा.

गोविंदा आधी नकोच म्हणत होता. सुषमा म्हणाली, आईंचं राहिलं, तुम्ही तरी बघून या. निघायच्या दिवशी त्यानं फळीवरची सारजाबाईची मिसरीची डबी पुसली आणि बंडीच्या खिशात टाकली. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजून ती मिसरी करायची आणि रोज सकाळी बोटानं दातांना लावायची. डबी आता रिकामीच होती. निदान डबीनं तरी समुद्र बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

वाडीची एक जुनी रीत होती. रानातून, नदीवरून, कुठल्याही परक्या जागेवरून निघताना घरातल्या मोठ्या माणसानं एकेकाला नाव घेऊन हाक मारायची, चल घरला. ज्यानं त्यानं ओ द्यायची आणि मग कुणी मागं वळून बघायचं नाही. सारजाबाई नातीला समजावून सांगायची की अंग काय, पायांनी घरी येतं. पण आतलं माणूस कुठं कुठं रमतं, त्याला हाक लागते. गोविंदाच्या घरात ही हाक त्यानंच मारायची. आधी करणला, मग सुषमाला, मग तेजलला आणि शेवटी सारजाला, कारण ती मागं राहून सगळं आवरून निघायची. तेजल उड्या मारत म्हणायची, "आले आले आले." सारजाबाई हळूच म्हणायची, "व्हय, आले." ती गेल्यापासून गोविंदा कुठं गेला नव्हता आणि त्यानं हाकही मारली नव्हती.

जहाजावरचे पहिले दोन दिवस बरे गेले. जहाज म्हणजे आडवी पडलेली इमारतच. तेजल लिफ्टनं वर-खाली करताना दमत नव्हती. गोविंदा कठड्याशी उभा राहून पाणी बघायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. जहाज लांबच थांबलं आणि लहान होड्यांनी माणसं काठावर नेली.

वाळू इतकी पांढरी की डोळे दिपत. पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं मोजता यावीत. त्यांनी दीपगृह बघितलं, शहाळी प्यायली, तळाला काच असलेल्या होडीतून रंगीत मासे बघितले. दुपारी सगळे एका वाकलेल्या माडाखाली टेकले. तेजलनं शंख-शिंपले गोळा करून वाळूत एक घर आखलं. चूल, उंबरा, अंगण, सगळं. निघायची वेळ झाली तशी ती शिंपले फ्रॉकच्या ओच्यात भरायला लागली. तिथली एक बाई हातानंच नको म्हणाली, इथलं काही न्यायचं नसतं. तेजलचं तोंड उतरलं. ते घर तिथंच ठेवून ती उठली, पण तिची मान सारखी मागं वळत होती.

होडीत सगळ्यांना नारिंगी जाकिटं चढवली. होडीवाला घाई करत होता, मागं माणसं ताटकळली होती. गोविंदानं तेजलचा हात धरला आणि बेटाकडं तोंड करून हाक मारली. चारचौघांत करण जरा संकोचला, पण "आलो" म्हणाला. सुषमा "आले" म्हणाली. तिसरं नाव घ्यायला गोविंदानं तोंड उघडलं आणि त्याची नजर पाण्यावर गेली. जिकडं बघावं तिकडं पाणी. मोजायचं राहिलेलं.

"सारजा, चल घरला," तो म्हणाला.

"व्हय, आले."

तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि अंगावर पाण्याचे शिंतोडे उडाले. तीन हाका, तीन ओ. गोविंदाचं मन निवांत झालं. आपण काय बोललो, याचं त्याला भानही नव्हतं.

त्यांची खोली जहाजाच्या पोटात होती. वर दोन पलंग, खाली दोन. आत पाऊल टाकताच गोविंदाला वास आला. गार, बंद हवेच्या त्या खोलीत नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या मिसरीचा वास. त्यानं खिशातली डबी काढून उघडली. रिकामी आणि गार. मग त्याला दिसलं, त्याच्या उशाशी ओला पंचा घडी करून ठेवला होता. लांबट घडी, वर एक दुमड. अशी घडी घालणारं माणूस त्याच्या घरात एकच होतं.

त्याला भीती वाटली नाही. तो पंचा हातात घेऊन तो भिंतीकडं तोंड करून बसला. तेव्हा कुठं त्याला आठवलं की होडीत आपण कुणाचं नाव घेतलं. आली तर आली, त्याला वाटलं. बघू दे तिला समुद्र. मागं कुठं तरी बांगड्या किणकिणल्या. त्यानं मान वळवली नाही.

"आबा, जरा हिच्याकडे बघा ना," सुषमा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

तेजल पलंगावर बसली होती. डोळे उघडे, हात मांडीवर. बसवलं तशी बसलेली. सुषमानं गालाला हात लावला, बोलावलं, गुदगुल्या केल्या. पोर हूं की चूं करेना. अंगात ताप नव्हता. उलट अंग गार होतं, मातीच्या भिंतीसारखं गार. करण तिला उचलून जहाजावरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. ऊन लागलं असेल, बोट लागली असेल, असं म्हणाले. गोळी दिली. ती तिच्या जिभेवर तशीच राहिली. डॉक्टरही मग परत नाडी बघायला लागले.

गोविंदा दारात उभा राहून बोटं मोजत होता. करण एक. सुषमा दोन. सारजा तीन. त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चौथ्या बोटाशी त्याचा अंगठा थांबला.

तेजलला हाक मारलीच नव्हती.

तो जहाजाच्या दारावरच्या माणसाकडं गेला आणि हात जोडून म्हणाला, मला बेटावर सोडा, माझी नात राहिली तिथं. त्या माणसानं यंत्रात बघितलं आणि सांगितलं की बाबा, चौघंही आत आलेत, कुणी राहिलेलं नाही. शेवटची होडीही वर घेतली होती. अर्ध्या तासात जहाज निघणार होतं. करणनं आबांचा दंड धरला. त्याचे डोळे भरले होते. तो एवढंच म्हणाला, "आबा, आता तुम्ही नका ना असं करू."

गोविंदा एकटाच जहाजाच्या मागच्या टोकाला गेला. ऊन उतरणीला लागलं होतं. बेट लांब दिसत होतं, हिरव्या रेघेएवढं. बेटावर कुणी दिसत नव्हतं. जहाजाची घरघर पायांतून वर चढत होती. त्यानं कठडा धरला. थोड्या वेळानं मिसरीचा वास आला, अगदी पाठीशी.

"सारजा..."

बांगड्या वाजल्या.

"तू आलीस. लय बरं वाटलं बघ." बोलता बोलता तो थांबला. "पर माजं चुकलं गं. पोर तितंच राह्यली..."

मग अगदी हळू, चुलीपुढं बसून बोलावं तसं कुणी बोललं. "मी लय लांबनं आले वं... समुद्र बगितला. मोजायसारका न्हाई."

"न्हाई ना?"

"न्हाई."

गोविंदाला हसू आलं आणि रडूही आलं. त्यानं डोळे पुसले नाहीत, कारण कठडा सोडला असता तर तो मागं वळला असता.

"तू जा, सारजा. तिला धाड."

"मंग मला हाक कवा माराल?"

मान खाली घालून त्यानं कठडा आणखी घट्ट धरला. ती म्हणाली, "मारा तिला हाक. एवढुशी पोर, पाण्यावरनं यायची... टाइम लागंल. तवर तिची जागा मी ऊबदार ठिवते."

जहाजाचा भोंगा वाजला. गोविंदा छातीत होती नव्हती तेवढ्या ताकदीनं ओरडला, "तेजल, चल घरला!" आजूबाजूची माणसं दचकून बघायला लागली. पाण्यावरून, फार फार लांबून, कुणी तरी बारीक आवाजात म्हणालं, आले आले आले... का तो पक्षी होता. जहाज हललं आणि हिरवी रेघ मागं सरकली.

तो खोलीत आला तेव्हा तेजल सुषमाच्या मांडीवर बसून दहीभात खात होती. गाल गरम होते. करण बापाच्या गळ्यात पडला. डॉक्टर म्हणाले, मुलांचं असंच असतं. गोविंदानं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं वर बघितलं आणि ती गोड हसली. त्या रात्री चौघंही गाढ झोपले.

परत आल्यावर सुषमानं तेजलला सुट्टीभर वाडीवर ठेवलं. पोर शहाणी झाली होती. न सांगता केर काढायची. पंचाची घडी घालायची, लांबट, वर एक दुमड. सुषमा भेटायला आली की कौतुकानं म्हणायची, बघा, आईंचं वळण उचललंय. गोविंदा त्या घडीकडं बघत राहायचा.

रोज दिवस मावळायला ती दोघं धरणाच्या कडेपर्यंत फिरून यायची. पहिल्याच दिवशी परतताना गोविंदानं न चुकता हाक मारली, "तेजल, चल घरला."

"व्हय, आले," त्याच्या हाताशी उभी असलेली पोर म्हणाली.

आणि मग पल्याडच्या डोंगराकडून, पाण्यावरून, दमलेला बारीक आवाज आला. "आले आले आले..."

गोविंदानं हाताशी उभ्या पोरीकडं बघितलं. तेजलची जागा आत बसून कोण ऊबदार ठेवत होतं, ते त्याला कळलं. पण त्या रात्री ती पोर चुलीपुढं बसून त्याला दिवसभरातलं काय काय सांगत राहिली. मध्येच म्हणाली, तुमी लय वाळलाय वं. तो भाकरीचा घास हातात धरून तसाच बसला. दोन दिवस त्यानं हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी त्याला त्या दमलेल्या आवाजाची कीव आली. एवढं पाणी तुडवत येणारी ती सात वर्षांची पोर होती. त्यानं हाक मारली. ओ आली, या वेळी धरणाच्या मधोमधून. दुसऱ्या दिवशी वळणाच्या अलीकडून. पुढं काठावरच्या मोटारपंपाच्या जवळून.

सुट्टीचा शेवटचा दिवस होता. सकाळी करण न्यायला येणार होता. दिवस मावळताना गोविंदा पोरीचा हात धरून पाण्याशी उभा राहिला. पाणी हलत नव्हतं. मिसरीचा वास दरवळत होता.

मग त्यानं हाक मारली. "तेजल... चल घरला."

या वेळी हाताशी कुणी ओ दिली नाही.

"आले आले आले," पाठीमागं, काठावरच, आवाज आला. त्यात हसू होतं. लहान ओल्या पायांचा चिखलात पचपच आवाज होत होता, जवळ जवळ येत होता. गोविंदानं मागं वळून बघितलं नाही. त्यानं घराकडं पाऊल उचललं आणि हळूच आपली मूठ सैल केली.

त्याच्या हातातला हात सुटला नाही. उलट बोटं घट्ट झाली, म्हाताऱ्या बाईची असावीत तशी खरखरीत.

"थोडं थांबा वं," हाताशी कुणी तरी म्हणालं.

मागची पावलं थांबली.