किल्लीवालीची नजर

"बाबा, ही किल्लीवाली तुमच्याकडे का बघत नाहीये?"

विचारलं एकदाचं! बापासमोर भिंगाची वाचा बसते, अशी मैत्रिणींनी पैज मारली होती. कसली बसतेय! भिंग म्हणजे वर्गाची गुप्तहेर. प्रश्न भर प्रदर्शनात खणखणला आणि बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

भिंतीवर बाबांचा बक्षीसपात्र फोटो होता. छातीएवढ्या उंच फळीमागे किल्ल्या घडवणारी म्हातारी तोंडभर हसत होती. फळीच्या खालच्या अंगाला ठोकलेले खिळे, त्यांना लटकलेल्या किल्ल्या, सगळं स्पष्ट.

"फोटो माझा आहे," असं आत्या वर्षभर सांगत होती. पुरावा नव्हता. घरात तिचं नाव पडलं खोटारडी, आणि दार कायमचं बंद. आज ती बोलावणं नसताना आली होती. रखवालदार दंड धरून तिला बाहेर काढायच्या बेतात होता.

"माझ्याकडेच बघतेय," बाबा गुरगुरले.

"नजर कॅमेऱ्याच्या वरून जातेय. तुम्ही वाकून काढलात?"

"वाकून? मी उभ्या जन्मात कुणापुढे वाकलो नाही! कॅमेरा डोळ्याला, नजरेला नजर. हीच माझी पद्धत!"

"की आत्याच्या कॅमेऱ्यानं?"

"त्या डबड्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"छान!"

"यात छान काय?" कासव कुजबुजली. ही भिंगाची जिवलग मैत्रीण, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

"बघत राहा." भिंग बाबांच्या मित्राकडे वळली. "काका, तुम्ही काढलात?"

"मी लांब लेन्सवाला. रस्त्यापलीकडून टिपतो, समोरच्याला पत्ताही लागत नाही. आणि टिकलीएवढी तू, पोलीस कधी झालीस गं?"

"आत्ताच. आत्या, तू कशी काढतेस?"

"डब्यासारखा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून त्याच्या काचेत बघायचं," आत्या तुटकपणे म्हणाली. "मध्येच मान वर करून गप्पा मारायच्या. तुझा बाप हसतो त्याला."

भिंगानं फोटोवर बोट रोखलं.

"कासवा, फळीची खालची बाजू दिसते. म्हणजे कॅमेरा फळीच्या खाली होता. बाबा वाकत नाहीत. काका तर दिसतच नाहीत, मग म्हातारी हसली कुणाला? कॅमेऱ्याच्या वर असलेल्या चेहऱ्याला! कॅमेरा पोटाशी, चेहरा वर. असा फोटो इथे कोण काढतं?"

"आत्या!" कासव किंचाळली. "पण तिचा कॅमेरा घेऊन बाबांनीच..."

"बोटसुद्धा लावलं नाही म्हणाले. सगळ्यांसमोर."

लांब लेन्सवाले काका हळूच दोन पावलं लांब सरकले. रखवालदारानं आत्याचा दंड सोडला. आत्या फोटोकडे बघत राहिली, जणू हरवलेलं माणूस सापडलं.

"घरी चल, मग दाखवतो!" बाबांचा आवाज चिरकला.

"बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस, कार्टे?" बाबांशेजारी उभ्या आईनं दात-ओठ खाल्ले.

भिंग आत्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून शाळा सुटली की मी आत्याकडे जाणार, फोटो काढायला शिकायला. माझ्यासाठीही घराला कुलूप लावायचं तर खुशाल लावा. किल्लीवाली आत्याच्या ओळखीची आहे."