आठशेचा अंदाज

शत्रू मोजायची तिच्या कचेरीतली रीत ऐकून नवरा पोट धरून हसायचा. विमानातून काढलेल्या फोटोंत बेटावरचे संडास मोजायचे, समुद्रावर फळ्या टाकून बांधलेले. एका संडासामागे वीस सैनिक. "अगं, उद्या बाळानं विचारलं, आई युद्धात काय करत होती, तर सांगायचं काय?"

आता तो बेटावर उतरणाऱ्या पहिल्या होड्यांत होता. सहा महिन्यांचं बाळ सासूबाईंपाशी ठेवून ती रोज सकाळी दुहेरी भिंगावर वाकायची. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवले की भिंगाखाली झाडं, भिंती, तोफा उठून उभ्या राहत. संडास मोजून चाळीस भरले. म्हणजे आठशे माणसं. होड्या पुरेशा होत्या.

मंगळवारच्या फोटोंत पाण्याच्या कडेला काळ्या खुणा दिसल्या. आडव्या, माणसाएवढ्या. भिंगाखाली त्या उठल्या नाहीत. वाळूला चिकटूनच राहिल्या. बुधवारी आणखी होत्या. तीनशेपर्यंत मोजलं आणि पुढे तिच्यानं मोजवेना.

साहेबांनी भिंगाला डोळे लावले. "कुठे? वाळू तर लख्ख आहे."

"या काय, साहेब. रांगच लागलीय."

त्यांनी काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, बाळ झोपू देतं ना तुम्हाला?"

"चार दिवस पुढे ढकला ना उतरणं. चारच."

"घरचं माणूस पहिल्या होडीत असलं की कुणालाही नसलेलं दिसतं. म्हणून तर आपण संडास मोजतो. ते घाबरत नाहीत."

तिला ते पटलं. पटलं, हेच पुढे तिला जाळत राहिलं. अहवालाखाली पेन्सिलीनं लिहिलेली ओळ, 'किनाऱ्यावर अज्ञात खुणा, उतरणे थांबवावे', तिनं आपल्या हातानं खोडली आणि आठशेवर सही केली.

शुक्रवारी होड्या लागल्या.

शनिवारी फोटो आले. साहेब भिंगाशी बसले ते उठेचनात.

"बाई," त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता, "तुम्ही दाखवलंत तिथेच. सगळे तिथेच पडलेत. मोजायला हवेत. माझ्यानं नाही होत."

ती वाकली.

वाळू लख्ख होती.

पाण्याच्या रेघेवर एकच माणूस उभा होता, मान वर करून. एवढ्या उंचीवरून माणूस म्हणजे टिंब. चेहरा दिसत नाही. तिला दिसत होता. ओले केस. गुळगुळीत हनुवटी.

"किती, बाई?"

"एक," ती म्हणाली.

सोमवारी बेपत्तांच्या यादीत त्याचं नाव आलं. सासूबाई बाळाला तिच्या मांडीवर ठेवून आत गेल्या.

गुरुवारी ती कामावर परतली. शनिवारचे तेच दोन फोटो तिनं भिंगाखाली जुळवले.

तो तिथेच उभा होता.

दाढी वाढली होती.