सोमलाची फिल्म

ही २०२२ सालच्या मे महिन्यातली हकीकत आहे. जागा वाशीम, आमच्या घरामागची एक्स-रेची खोली. रात्र नव्हती, भर दुपार होती. या वयात मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. जे झालं ते सांगते. पटलं तर पटलं.

माझे यजमान डॉक्टर होते. वाशीममध्ये एक्स-रेच्या मशीन मोजक्याच होत्या, तेव्हा त्यांनी एक घेतली. मानोऱ्याकडून, केनवडकडून माणसं यायची. कुणी एसटीनं, कुणी बैलगाडीत गादी टाकून. अंगणात निंबाखाली बसून भाकरी सोडायची. मी ओल्या फिल्मा चिमट्यांनी तारेला लावायची. आमचे मदतनीस जमशेदभाई हसायचे. "वैनी, लोकायच्या बाया कपडे वाळू घालतात, तुमी बरगड्या वाळू घालता."

यजमान गेले. मशीन भंगारात गेली. खोली तेवढी राहिली. तिला खिडकी नाही. दाराला शिशाचा पत्रा ठोकलेला. भिंतीवर छाती टेकवून उभं राहायचा स्टँड तसाच होता.

माझी नात राखीही एक्स-रेचीच डॉक्टर. तिला मेडिकल कॉलेजात शिकवायची नोकरी हवी होती. त्यासाठी एक्स-रे, सोनोग्राफीवरच्या एका मासिकात तिचा लेख छापून यायला हवा होता. दगडाच्या धुळीनं खराब होणाऱ्या फुप्फुसांवर तिनं लिहिलं. आजोबांच्या जुन्या फिल्मांमध्ये तिला एक अगदी स्वच्छ फिल्म मिळाली. रुग्णाचं नाव दिसू नये हा मासिकाचा नियम, म्हणून नावावर काळी पट्टी चिकटवून तिनं फोटो काढला आणि लेख पाठवला.

लेख पसंत पडला. फक्त फोटो मोठा हवा होता. राखीनं तीच फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून पुन्हा फोटो काढला.

मग संपादकांचं उत्तर आलं...

दोन्ही फोटो एकाच फिल्मचे नाहीत.

पहिल्यापेक्षा दुसऱ्या फोटोत फुप्फुसं हवेनं जास्त भरलेली आहेत. आपण चित्रात फेरफार केला आहे का, याचा खुलासा करावा.

राखी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"आजी, खोटे फोटो देणारी म्हणून नाव झालं तर नोकरी राहू दे, मला कुणी दारातही उभं करणार नाही."

"चुकून दुसरी फिल्म लावली असशील."

"एकच आहे गं. हा ताईत बघ ना, गळ्यापाशी."

मी बघितलं. बरगड्यांच्या वर ताईताचा पांढरा चौकोन होता.

मी खुर्चीत बसून घेतलं. तो ताईत मला माहीत होता.

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा सोमला. दरवर्षी दगडखाणीवर जायचा. चार पावलांत धाप लागायची. त्याची बायको रंगूबाई त्याला घेऊन आली होती. ताईत काढायला तो तयार झाला नाही, तसाच स्टँडला छाती लावून उभा राहिला. यजमान नेहमीसारखं म्हणाले, "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा सोमला तसाच उभा होता. हनुवटी स्टँडच्या पाटीवर. छाती भरलेली.

रंगूबाईनं माझा पदर धरला. "बाई, हे श्वास काहून सोडून नाही राह्यले? त्यायले सोडा म्हना ना."

यजमान म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले.

तो कधीच गेला होता. फिल्म मात्र फार छान आली. त्यानंतर यजमान प्रत्येकाला "सोडा" दोनदा म्हणायचे.

राखीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, फिल्म म्हणजे प्लास्टिक. प्लास्टिक श्वास घेत नसतं. तू समोर बस, मी तुझ्यादेखत फोटो काढते. तोच खुलासा म्हणून पाठवते."

उजेडाची पेटी त्याच खोलीत होती. आम्ही आत गेलो आणि प्रकाश नको म्हणून दार लोटलं. फिल्म लावली. जुनं टेबल लटपटत होतं. राखी कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाली, "आजी, टेबल हलतंय. एक क्षण श्वास रोखून धर."

दोघींनी श्वास घेतला. धरला.

कॅमेऱ्याचा आवाज झाला...

आणि लाइट गेली.

मी श्वास सोडायला गेले. सुटला नाही.

तोंड उघडं होतं, नाक मोकळं होतं, पण आतली हवा आतच राहिली. छातीला कुणी बाहेरून पाटी लावल्यासारखं झालं. काळोखात मी हात पुढे केला. राखीचा हात सापडला, थंडगार. ती बोटं माझ्या मनगटात रुतवत होती.

तीही सोडू शकत नव्हती.

मी तिला ओढत दारापर्यंत नेलं. कडी लावलेली नव्हती. तरी दार हलेना. मी तळहातानं दारावर मारलं.

बाहेरून जमशेदभाईंचा आवाज आला. ते रोज दुपारी चक्कर टाकायचे.

"वैनी? आत काय करून राह्यल्या? दार काहून लागलं हे?"

मला सांगायचं होतं. पण बोलायलाही श्वास सोडावा लागतो. हे मला तेव्हा कळलं.

राखीची बोटं सैल पडायला लागली.

ती माझ्या पायाशी खाली बसली. कानात माझं रक्त धडधडत होतं. बाहेर जमशेदभाई दाराला खांदा लावत होते. "या अल्ला, हलून नाही राह्यलं."

तेवढ्यात मागे, भिंतीकडून...

स्टँडची पाटी करकरली. तिच्यावरून कुणी हनुवटी उचलावी तशी.

आणि कुणीतरी श्वास सोडला.

लांब. घरघरणारा. संपतच नव्हता तो. खोलीत ओल्या दगडाचा, चुरीचा वास भरला. मानेवर ऊन हवा आली.

तो संपला आणि माझी छाती सुटली. पायाशी राखी खोकली. दार उघडून जमशेदभाई आमच्या अंगावरच आले. लाइटही आली.

पेटीवर फिल्म होती. त्यातली फुप्फुसं आता आक्रसलेली, लहान. कॅमेऱ्यातल्या फोटोत मात्र काठोकाठ भरलेली.

तो फोटो पाठवला असता तर राखी आणखी खोटी ठरली असती. आणि खरं लिहिलं असतं तर कुणी मानलं असतं? तिनं एवढंच कळवलं की फोटोंतला फरक मला सांगता येत नाही, मी लेख मागे घेते.

ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. राखी आता अकोल्याला एका दवाखान्यात आहे. तिनं पुन्हा कुठल्याच मासिकाला लेख पाठवला नाही. एक्स-रे चालू असला की ती काचेपलीकडे उभी राहते, "सोडा" म्हटल्याचं ऐकते आणि मगच जागची हलते. जमशेदभाई मागच्या हिवाळ्यात गेले, झोपेत. रंगूबाई तर केव्हाच गेली होती. तिचा मुलगा सेवालाल तांड्यावर असतो. ती फिल्म मी वर्तमानपत्रात गुंडाळून, माझ्या हातानं त्याला दिली. बापाची आहे, म्हटलं.

महिन्यानं तो बाजारात भेटला.

"मावशी, त्याच्यात तर काहीच नव्हतं. सारी काळी. बाबा कुठी हाय त्यात?"



खोलीला मी कुलूप घातलं आहे. या थंडीत मला खोकल्यानं धरलं. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढा म्हणतात. मी आज-उद्या करत टाळते.

मुलगी चिडते, आई, रात्रभर खोकतेस, झोप नाही कुणाला.

मला बरं वाटतं. खोकतेय तोवर श्वास बाहेर पडतोय.