कमानीत अडकलेलं घर

"डोळे मिटा! मिटा म्हणते ना!"

कोलेट ओरडली, हातातलं काम टाकून तोंडावरच्या मुखवट्यासकट धावली आणि दारातून आत आलेल्या उंच, अनोळखी माणसाच्या डोळ्यांवर तिनं चामडी मोज्यातला पंजा दाबून धरला. शेडमध्ये तिच्या वर्गातली पोरं अजून वेल्डिंग करत होती, आणि हा शहाणा उघड्या डोळ्यांनी त्या निळ्या उजेडाकडे बघत उभा होता, जत्रेतली आतषबाजी बघावी तसा.

"हे... ग्रंथालय नाही वाटतं," पंजाखालून आवाज आला.

"हिरवं दार सांगितलं असेल. ते पलीकडचं. परवापर्यंत तिथे ट्रॅक्टरचे टायर होते, आता पुस्तकं येणारेत म्हणे."

"मीच आणतोय ती. मी जोनास रीड. इतिहास शिकवायला आलोय."

"इतिहास? इथे?" कोलेटला हसू आवरेना. "आणि आज रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होईल, तेव्हा काय शिकवाल?"

झालं तसंच. सकाळी जोनासचे डोळे टोमॅटोसारखे लाल. कोलेट त्याच्या खोलीवर थडकली ती कच्चा बटाटा आणि सुरी घेऊन. हॅलोवेमध्ये बटाट्याशिवाय दुसरं काही पिकत नाही आणि बटाट्यानं बरं होत नाही असा आजारही नाही, असं तिथली माणसं मानतात. तिनं चकत्या कापल्या, त्याला आडवं व्हायला लावलं आणि डोळ्यांवर ठेवल्या.

"गार आहे," तो म्हणाला.

"बटाटा गारच असतो. हलू नका."

"तुम्ही कशा दिसता ते अजून पाहिलंच नाही मी. काल मुखवटा, आज बटाटा..."

"फार काही हुकलेलं नाही तुमचं," ती म्हणाली, आणि गाल का तापले म्हणून स्वतःवरच चिडली.

त्या वसंतात हॅलोवेची तंत्रशाळा कॉलेज होत होती. आजवर तिथे सुतारकाम, वेल्डिंग आणि डिझेल इंजिनं शिकवायचे. बाकी काही शिकायचं तर गाव सोडून दक्षिणेला जायचं, आणि गेलेलं माणूस सहसा परतत नसे. आता दोन वर्षं घरचं जेवून शिकता येणार होतं. परिचारिका होता येणार होतं, हिशेब, भाषा, इतिहास शिकून पुढे विद्यापीठात जाता येणार होतं. गावाला नुसता चेव चढला होता. केशकर्तनालयात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. कोलेटची पन्नाशीतली मावशीसुद्धा म्हणायला लागली, "मी नाव घालणार! कशात ते मग बघू."

कोलेट वरवर थट्टा करायची, पण आतून तिला उकळ्या फुटत होत्या. सतराव्या वर्षी तिलाही दक्षिणेला जाऊन खूप शिकायचं होतं. वडील लिओ सीर सुतारकामाचे मुख्य शिक्षक. ते म्हणाले, इथेच शीक, रंधा धर. तिनं रागानं वेल्डिंग धरलं, आणि मग त्याच्या प्रेमातच पडली. आता ती वेल्डिंगची मुख्य शिक्षिका होती. बापलेक रोज एका टेबलावर कुट्टूची धिरडी खात आणि लाकूड भारी की लोखंड यावर भांडत.

जोनास मात्र रोज कुठलंतरी निमित्त काढून तिच्या शेडवर यायचा. आता दार वाजवून, डोळ्यांवर हात ठेवून.

"येऊ का?"

"आलातच आहात की."

"तुमची आजी फ्रेंच बोलायची म्हणालात. तिच्या गोष्टी सांगा ना, माझ्या वर्गात हव्यात."

"आमच्या आजीच्या गोष्टी म्हणजे इतिहास?"

"मग काय राजांच्याच? तुम्ही सांगा... मी ऐकतो. सावकाश सांगा, मला घाई नाही."

घाई खरं तर होती. प्राचार्या हॅडॉकबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. जुन्या शेडमध्ये इतिहासाला जागा नाही. सुतारकामाची पोरं दरवर्षी अख्खं घर बांधतात आणि ते ट्रेलरवर घालून गावातल्या एखाद्या कुटुंबाला पोचवतात. यंदाचं घर विकायचं नाही, तेच जोनासचा वर्ग होईल. मे महिन्यात, प्रदर्शनाच्या दिवशी, विश्वस्तांच्या देखत ते आवारात बांधलेल्या पायावर बसलं तर इतिहास सुरू. नाहीतर विषय वर्षभर पुढे, आणि जोनासची नोकरी बाद. दक्षिणेतल्या पोर्टलंड शहरातून त्याला दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. कोलेटला हे कळलं तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

हॅलोवेत एक जुनी रीत होती. प्रत्येक विभागानं वर्षाचं काम ताडपत्रीखाली झाकून ठेवायचं, ते थेट प्रदर्शनाच्या दिवशीच उघडायचं. दुसऱ्याच्या ताडपत्रीखाली डोकावणं म्हणजे पाप. कोलेटची पोरं फाटकावरची नवी कमान बनवत होती, कॉलेजच्या नव्या नावाची, लोखंडी अक्षरांची. कमान किती उंच करावी असं तिनं एकदा सहज जोनासला विचारलं होतं.

"टोपी न पडता नाव वाचता यावं एवढी," तो म्हणाला. "फार उंच नावं कुणी वाचत नाही."

तिनं खांब चांगले हातभर कमी केले.

त्याच आठवड्यात लिओनंही त्याला विचारलं, वर्गात काय हवं? आणि हा शहाणा तिथे म्हणाला, "छप्पर जरा उंच असेल तर... आभाळ आत येईल."

लिओनं छप्पर उंच केलं. बापलेकीनं एकमेकांना चकार शब्द सांगितला नाही. रीतच होती ना!

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊन. सगळं गाव रस्त्याच्या दुतर्फा उभं. सकाळी, रातोरात फाटकावर चढवलेल्या कमानीवरची ताडपत्री ओढली गेली, टाळ्यांचा कडकडाट झाला, जोनासनं टोपी न पाडता नाव वाचून दाखवलं आणि कोलेट लाजली. मग गावाबाहेरच्या मोठ्या शेडमधून घर निघालं. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, आणि वर ते दिमाखदार छप्पर. ट्रेलर हळूहळू फाटकाशी आला.

आणि थांबला.

लिओनं छपराकडे पाहिलं. कोलेटनं कमानीकडे. मग दोघांनी एकमेकांकडे.

"पापा! छप्पर एवढं उंच?"

"कमान एवढी बुटकी? कोणत्या गाढवानं सांगितलं तुला?"

दोघांच्याही नजरा एकाच माणसावर जाऊन थांबल्या. जोनासच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "मी... म्हणजे दोन्ही मीच..."

मागच्या रस्त्यावरचा लाकडी पूल घराच्या वजनाला टिकला नसता. दुसरी वाट नव्हती. छत्र्यांखाली विश्वस्त कुजबुजायला लागले. हॅडॉकबाई घड्याळ बघू लागल्या.

लिओनं करवत उचलली. ती त्यानं आजवर कधी स्वतःच्या कामावर चालवली नव्हती. "मी छप्पर उतरवतो. माझी चूक."

"पापा, खबरदार! पोरांची वर्षाची मेहनत आहे ती."

"आणि कमान काय फुकट आलीय?"

"काहीच कापू नका," जोनास मध्ये पडला. "मी अंगणात शिकवीन."

"नोव्हेंबरात? बर्फात?" हॅडॉकबाई म्हणाल्या.

जोनास हसला, पण कोलेटकडे बघून त्याचं हसू विरलं. "मग जाईन मी पोर्टलंडला. तुमची कमान तोडून मला इथे राहायचं नाही, कोलेट. किती महिने खपलात तिच्यावर... मी पाहिलंय."

तेवढं पुरलं. कोलेट वळली आणि तरातरा चालत लोखंड कापायची गॅसची नळी घेऊन आली.

"लाकूड कापलं की कापलं," ती म्हणाली. "लोखंड परत जोडता येतं. डिझेलवाल्यांनो, क्रेन आणा! साखळीनं कमान धरा!"

"पण तुमची..."

"अहो, मी ती तुमच्या वर्गासाठी कापत नाहीये!" तिचा आवाज चढला. सगळं गाव ऐकत होतं, पण आता तिला थांबवेना. "इतिहास गेला चुलीत! तू जाऊ नयेस म्हणून कापतेय. तू रोज दार वाजवून येतोस ना... ते मला हवंय. कळलं?"

पाऊस भुरभुरत होता. गर्दीतून कोलेटची मावशी मोठ्यानं म्हणाली, "कळलं, सगळ्यांना कळलं!"

जोनास तिच्याजवळ आला, इतका जवळ की तिला त्याच्या भिजलेल्या कोटाचा वास आला.

"आणि मला वाटत होतं," तो हळूच म्हणाला, "हे मलाच सांगावं लागणार. बटाट्याच्या दिवसापासून शब्द जुळवतोय मी."

"लांब हो. ठिणग्या उडतील," ती म्हणाली. पण मुखवटा खाली ओढला तो डोळ्यांतलं पाणी लपवायला.

ज्योत पेटली. दोन्ही खांब कापले गेले, क्रेननं कमान अलगद उचलली आणि अक्षरं गावाच्या डोक्यावरून तरंगत बाजूला गेली. पोरांनी आरोळी ठोकली. ट्रेलर हलला. घर फाटकातून आत आलं, चिखलातून डुलत पायापाशी पोचलं आणि संध्याकाळच्या आत तोलून मापून बसलं. हॅडॉकबाईंनी विश्वस्तांना आत नेलं. उंच खिडक्यांतून ओलं आभाळ खरंच खोलीभर उतरलं होतं. बाहेर आल्या त्या जोनासचा हात हातात घेऊनच. इतिहास सुरू!

कोलेट फाटकाशी कापलेल्या खांबांजवळ एकटीच उभी होती. मागून पावलं वाजली.

"पुन्हा उभारताना हाताखाली माणूस लागेल ना?"

"तुला साधी साखळी धरता येत नाही."

"शिकव की. तंत्रशाळाच आहे ना ही?"

"आता कॉलेज आहे," कोलेट म्हणाली. "आणि तुझ्या वर्गात पहिलं नाव माझं आहे. आजीच्या गोष्टी चुकीच्या सांगितल्यास तर सगळ्यांसमोर टोकीन."

"कमान किती उंच करायची या वेळी?"

"तुला नाही विचारणार! पापांना विचारीन." ती हसली. मग तिनं दोन्ही हातांतले चामडी मोजे काढले आणि खांबावर ठेवले. "जोनास... डोळे मिट."

"आता काय जाळतेस?"

"मिट म्हणते ना."

त्यानं मिटले. या वेळी तिचा उघडा, उबदार पंजा त्याच्या डोळ्यांवर आला, आणि त्यापाठोपाठ तिचे ओठ त्याच्या ओठांवर. पलीकडे नव्या वर्गाच्या दारात हातात करवत घेऊन उभा असलेला लिओ सीर खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लेकीच्या कामात नाक न खुपसता आत निघून गेला.