पडलेले दोन उमेदवार

मतमोजणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला नेमका तोच बसला होता.

ती गुरांची डॉक्टर, तो पंपांचा मिस्त्री. ती खालच्या गावांकडची, तो वरच्या. प्रादेशिक परिषदेच्या एकाच जागेसाठी दोघं उभे होते. महिनाभर त्यांचे फोटो एकाच भिंतीवर शेजारी शेजारी चिकटलेले होते, पण समोरासमोर गाठ कधी पडली नव्हती. फोटोतला माणूस करारी होता. बाकावरचा मात्र दमलेला, दाढी वाढलेला आणि हातातला चहा प्यायचंच विसरलेला.

"बसा," तो जरा सरकत म्हणाला. "बाक म्हणजे काही मतदारसंघ नाही. दोघांना पुरेल."

तिला हसू आलं होतं, पण तिने ते दाखवलं नाही. मधे तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून ती बसली.

गंमत अशी की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. तिठ्यावरचं बंद पडलेलं प्रसूतिगृह पुन्हा उघडायचं होतं. तिथे कुलूप लागल्यापासून अवघडलेल्या बायकांना थेट शहर गाठावं लागे. तिच्या धाकट्या बहिणीला वाटेतच गाडीत बाळ झालं होतं... आणि ते राहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं निवडून येणारे आबा त्या इमारतीचं गोदाम करायला निघाले, तेव्हा ती उभी राहिली.

दुपारी निकाल लागला. आबा निवडून आले. ती दुसरी, आणि मिस्त्री तिच्या जरासाच मागे. फळ्यावरचे आकडे तिने मनातल्या मनात मांडून पाहिले. दोघांच्या मतांची बेरीज आबांच्या कितीतरी पुढे जात होती.

पटांगणात आबांची माणसं नाचू लागली. ती बाकावर परत आली तेव्हा रागाने तिचे कान तापले होते.

"आता तरी खरं सांगा," ती म्हणाली. "मतं फोडण्यासाठी आबांनी तुम्हाला काय कबूल केलं होतं?"

तो बघतच राहिला. "मला? अहो, त्यांनी तर तुम्हाला उभं केलं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"त्यांचाच पुतण्या. अगदी खासगीत, कानात."

तिने डोळे मिटून घेतले. तिच्याही कानाला तोच लागला होता, असाच हळू आवाज काढून. म्हणून तर 'त्या मिस्त्रीशी एकदा बोलून बघ' असं कुणीही सुचवलं की ती उडवून लावत आली होती. आणि तिकडे तोही.

मग तो हसायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तिलाही हसू आवरेना. हसता हसता बहिणीचा चेहरा आठवला आणि डोळे भरून आले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. नुसता एक रुमाल मधल्या जागेतून तिच्याकडे सरकवला. त्याला ग्रीसचा वास येत होता.

पुढच्या बैठकीपासून दोघं परिषदेत जाऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसू लागले. जायचं तिच्या गाडीतून. वाटेत कुणाची गाय अडलेली असली तर तो दोर धरायचा, कुणाचा पंप रुसला तर ती पाना-पक्कड हातात द्यायची. सभागृहात तोंड उघडायचा हक्क दोघांनाही नव्हता. पण दर वेळी ते तिठ्याजवळच्या चार-दोन बायकांना सोबत आणत, पोटुशा, लेकुरवाळ्या... आणि आबा गोदामाचा विषय काढायला उठले की समोर ही रांग दिसे. विषय पुढच्या बैठकीवर जाई. तिथून त्याच्या पुढच्या.

लोक म्हणत, पडलेलेच जास्त हजर असतात. तिला मात्र वेगळंच काही जाणवू लागलं होतं. बैठक नसलेले आठवडे फार लांबत होते.

शेवटी गोदामाचा ठराव बारगळला आणि त्या बायकांची रांग बघून परिषदेने प्रसूतिगृहाचं कुलूप काढलं. फीत आबांनी कापली, श्रेयही त्यांनीच घेतलं. मागच्या रांगेत तो टाळ्या वाजवत होता. तिला आनंद झाला होता, पण टाळ्या अर्ध्यातच थांबवून ती त्याच्याकडे वळली.

"आता बैठकांना जायचं कारण उरलं नाही," ती म्हणाली.

"पुढची निवडणूक आहे की."

"दोघं उभे राहिलो तर पुन्हा पडू."

"तुम्हीच राहा. मतं तुम्हालाच जास्त होती."

"आणि तुम्ही... माघार घ्याल?"

"घेईन." तो थांबला. भाषणात कधी न अडखळणारा माणूस शब्द शोधू लागला. "फक्त एक आहे... तेव्हा मतदार यादीत माझं नाव... तुमच्या घरच्या पत्त्यावर असावं, असं वाटतं."

समोर आबांचं भाषण रंगलं होतं. तिला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, सावकाश, आणि या वेळी हसू लपवलं नाही.

"पत्ता बदलायला फार वेळ लावतात ते लोक," ती म्हणाली. "उद्याच अर्ज करा."