किल्लीवाल्याची साक्ष

दार माझं, कुलूप माझं, आत गरगरत राहिलेला पंखासुद्धा माझाच — आणि मी मात्र बाहेर जिन्यात, पायात धावायचे बूट आणि हात रिकामे. पहाटे दार ओढून घेतलं तेव्हा किल्ली आत राहिली होती. बाबा बस चालवतात; ते पहिल्या फेरीला निघून गेले होते. त्यांना आता दुपारशिवाय गाठणं शक्य नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला फोन केला.

तो आला तो अगदी सावकाश, कुणाच्या घरी चहाला यावं तसा. खांद्याला कातडी पिशवी, शर्टाच्या बाहीवर पितळेचा बारीक चुरा. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि जिन्याच्या खिडकीतून धुतलेलं ऊन आत येत होतं. त्या उन्हात त्याची बाही चमचमत होती. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"घर तुमचंच?" त्यानं विचारलं.

"नाही. मला लोकांच्या दारात बसायची हौस आहे."

"असेल," तो शांतपणे म्हणाला आणि पिशवी खाली ठेवलीच नाही. "पण मग मला उघडता येणार नाही. तुम्हाला ओळखणारं कुणीतरी बोलवा."

"माझ्या तोंडावर चोर लिहिलंय का?"

"तोंडावर बरंच काही लिहिलंय..." एवढं म्हणून तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण ते वाचून कुलूप उघडायची पद्धत नाही."

त्या वेळी इमारतीत सापडण्यासारखं एकच माणूस होतं — खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. माझं आणि बाईंचं फारसं पटत नसे. त्या चष्मा लावत वर आल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हीच ती. रोज पहाटे जिन्यावरून घोडा उतरावा तशी उतरते. घर हिचंच आहे, दुर्दैवानं."

मग मात्र त्यानं कुलपाशी कान नेला, आतल्या कुणाची विचारपूस करावी तसं काहीतरी हलकेच फिरवलं आणि दार उघडलं.

"एवढी धावाधाव कशासाठी?"

"पोलिसात जायचंय. गस्तीवर."

"मग तर," हत्यारं पिशवीत भरत तो म्हणाला, "मी दार लगेच उघडलं नाही म्हणून तुम्ही मला शाबासकी द्यायला हवी होती, साहेब."

त्याचं बरोबर होतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. दिवसभर मी तो राग जपून ठेवला आणि संध्याकाळी लक्षात आलं, की त्याला राग म्हणता येणार नाही.

मी एका लाँड्रीत काउंटर सांभाळायची आणि इस्त्रीही करायची. गस्तीवरच्या पोलिसांचे गणवेश आमच्याकडे इस्त्रीला येत. दुसऱ्यांच्या बाह्यांवर कडक घडी पाडताना मनात एकच असे, की हा शर्ट कधीतरी माझ्या अंगावर हवा. लहानपणी मी बाजारात हरवले होते. गस्तीवरच्या एका पोलीस काकूंनी माझा हात धरला आणि आई सापडेपर्यंत माझ्या लाल बुटांबद्दल अशा काही गप्पा मारल्या, की मी हरवलेय हेच विसरून गेले. तेव्हापासून बाबा मला फौजदार म्हणतात. पण दरवर्षी काही ना काही आडवं येत गेलं, आणि आता वयाची मर्यादा यंदा संपत होती. यंदा नाही तर कधीच नाही.

नव्या किल्लीच्या निमित्तानं मी त्याच्या दुकानात गेले. मग ती किल्ली जरा अडकते म्हणून गेले. मग ती मुळीच अडकत नाही, हे सांगायला गेले. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझे पाय आपोआप तिकडे वळायला लागले. दुकान इतकं अरुंद, की दोघं उभे राहिले तर एकानं श्वास रोखावा. भिंतभर टांगलेल्या किल्ल्या वाऱ्यानं हलत आणि किणकिणत. मला वाटे, या आवाजात झोप किती छान लागेल.

"गस्तीवर करतात काय नेमकं?" एकदा त्यानं विचारलं.

"चालतात. बरंचसं कामच चालण्याचं. बंद दुकानांची कुलपं हलवून बघायची. एकट्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करायची. अपघात झाला तर गाडी येईपर्यंत त्या माणसाजवळ बसायचं. भांडणात आवाज न चढवता मधे उभं राहायचं. आणि नंतर नोंद लिहायची — जे पाहिलं तेवढंच. वाटलं ते नाही."

"आणि वाटलं ते कुठे लिहायचं?"

"त्याला जागा नसते."

"गैरसोय आहे मोठी," तो म्हणाला आणि कानस चालवायला लागला.

मग तोच माझा सराव घ्यायला लागला. कधी तक्रारदार व्हायचा.

"साहेब, माझी सासू माझं ऐकत नाही."

"तुमचं लग्न झालंय?" माझा आवाज उगाच बारीक झाला.

"तक्रारदाराचं झालंय. माझं नाही."

"हे नोंदीत घ्यायचं का?"

"घ्या की. ठळक अक्षरात."

निरीक्षणाची एक परीक्षा होती. माणसाला क्षणभर पाहायचं, मग नजर वळवून त्याचं वर्णन करायचं. एका पावसाळी दुपारी तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "बघा. झालं. आता डोळे मिटा."

मी मिटले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"उंची मध्यम. उजवा खांदा जरा खाली, पिशवीमुळे. डाव्या भुवईवर जुनी खोक. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं, स्वतःच लावलेलं. हसताना आधी डोळे हसतात, ओठ मागून येतात..."

"हे सगळं एका क्षणात पाहिलंत?"

"नाही," मी डोळे मिटूनच म्हटलं, "आधीपासून पाहत होते."

डोळे उघडले तेव्हा तो पाठमोरा होता आणि बिनकामाची एक किल्ली घासत होता.

धावण्यात मी पास झाले. डोळे तपासले, लेखी झालं, तोंडी झालं. उरली फक्त चारित्र्याची चौकशी. त्यासाठी नात्यात नसलेल्या दोघांची नावं द्यायची होती, जे माझ्याबद्दल खरं ते सांगतील. मी लाँड्रीच्या मालकीणबाईंचं नाव दिलं आणि किल्लीवाल्याचं. तिसऱ्या कुणाचा विचारसुद्धा मनात आला नाही.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई मध्यम वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. माझ्या समोर काउंटरवर छत्री ठेवत त्यांनी सांगितलं, "तुमच्या मालकीणबाईंची साक्ष झाली. त्या किल्लीवाल्यानं मात्र साक्ष द्यायला नकार दिलाय."

"नकार?"

"माझं नाव काढून टाका, म्हणाला. कारण सांगायची मला मुभा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं नाव द्या. नाहीतर चौकशी अपुरी म्हणून जाईल."

अपुरी म्हणजे संपलंच. इस्त्री तापून शर्टाला करपट वास यायला लागला तेव्हा कुठे मी भानावर आले. आयुष्यात इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते नोकरीमुळे जास्त की त्याच्यामुळे, हे मला कळत नव्हतं.

मी तशीच त्याच्या दुकानात गेले. तो माझी वाटच पाहत असावा. हातात काम नव्हतं.

"काय वाईट दिसलं तुम्हाला माझ्यात?" मी विचारलं. भांडणात आवाज चढवायचा नसतो, म्हणून चढवला नाही. पण तो फुटलाच.

"वाईट काहीच नाही."

"मग?"

"त्या अधिकारी बाईंनी आधी तुमचं काम विचारलं, स्वभाव विचारला. सगळं धडाधड सांगणार होतो मी. पण मी बोलण्याआधीच त्या म्हणाल्या — या मुलीला नोकरी मिळण्या न मिळण्यात तुमचा काही नफा-तोटा आहे का?"

भिंतीवरच्या किल्ल्या किणकिणल्या. तो खाली पाहत बोलत राहिला.

"नाही म्हणायला तोंड उघडलं... आणि जमेना. तुम्हाला नोकरी मिळाली तर दुपारच्या सुट्टीत इथं कोण येणार? म्हणजे माझा तोटा. आणि नाही मिळाली, तर तुमचा उतरलेला चेहरा मला बघवणार नाही. तोही माझाच तोटा. अशा माणसाची साक्ष खरी कशी मानायची? मीच नाही मानणार. म्हटलं, काढा माझं नाव."

मी आले होते चांगली खरडपट्टी काढायला. माझं सगळं भवितव्य यानं टांगणीला लावलं होतं, आणि मला वाटत होतं की इतकं सुंदर माझ्याशी कधी कुणी बोललंच नाही.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्हीच म्हणालात, वाटलं ते लिहायला जागा नसते."

"लिहायला नसते," मी म्हटलं. "सांगायला असते."

त्यानं वर पाहिलं. आधी डोळे हसले, ओठ मागून आले. मग तो एकदम गंभीर झाला. "पण आता दुसरं नाव कुणाचं देणार?"

त्या अरुंद दुकानात आम्ही दोघं विचार करत उभे राहिलो, आणि एकदमच दोघांना सुचलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"साक्ष? माझ्याकडे?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी खरं तेच सांगेन हं."

"तेच हवंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई खालच्या मजल्यावर बराच वेळ बसल्या. मी वर, दाराला पाठ लावून. त्या गेल्यावर बाईंनी मला खाली बोलावलं आणि निकाल वाचून दाखवावा तसं सगळं सांगितलं.

"मी सांगितलं, जिना वाजवते. उलट उत्तरं देते. माझ्या नळाला पाणी नसलं की न सांगता दारात भरलेल्या बादल्या ठेवते, बेल वाजवते आणि पळून जाते; आभार मानायलासुद्धा सापडत नाही. त्यांनी विचारलं, अडचणीत सापडलात तर कुणाला हाक माराल? मी म्हटलं, हिलाच. दुसरं कुणी नाही म्हणून नव्हे." मग त्यांनी पदराचं टोक माझ्यापुढे केलं. "रडू नकोस. जा, आणि जिन्यावरून हळू चढ."

मी धावतच चढले.

निवड झाली. बाबा नुसते माझे नवे बूट पुन्हा पुन्हा पुसत बसले. मग प्रशिक्षणाला लांब जाणं आलं. तिथे उशीशी माझ्या घराची किल्ली ठेवून मी झोपायची आणि झोपेत किणकिण ऐकायची.

परत आले तेव्हा गस्तीसाठी आमचाच भाग मिळाला. पहिली संध्याकाळ. दिवे नुकते लागत होते, रस्ते ओले होते आणि त्यात सगळे दिवे उलटे उतरले होते. मी एकेका बंद दुकानाचं कुलूप हलवून पाहत निघाले. बाहीवरची इस्त्रीची घडी माझ्याच हातची होती.

कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. आत दिवा होता, आणि तो दारात उभा होता — हात पुढे करून, तळहातावर एक नवीकोरी किल्ली.

"ही कशाची?"

"आमच्या घराची. आई म्हणाली, तिला देऊन ये."

"अशी कुणालाही देता?"

"छे. आमच्यात पद्धत आहे, साहेब." त्यानं मूठ मिटली. "आधी ओळख पटवावी लागते. आहे कुणी तुमच्याबद्दल खात्रीनं सांगणारं?"

मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. सगळीकडे शांत होतं, वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

"एक माणूस आहे," मी म्हटलं. "पण त्याची साक्ष चालत नाही."

"का?"

"तो माझ्या नात्यातला आहे."

त्यानं मूठ उघडली. किल्ली नुकतीच घासलेली होती, अजून कोमट होती.