कंठपट्टीतली आई

"बाळ, चहा ठेवू का? मी आत्ताच देवळातून आले आहे."

अभिराज बुगडनं कपाळाला हात लावला. आले आहे! अख्ख्या इचलकरंजीत कुठली आई असं बोलते? इकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, अगदी सरळ. आणि बाळ? जन्मात कधी तिनं त्याला बाळ म्हटलं नव्हतं. मुडद्या म्हणायची, फारच माया आली तर अभ्या. पण गळ्याला ती कंठपट्टी लागल्यापासून घरात जणू बातम्या देणारी बाई राहायला आली होती.

दोन वर्षांपूर्वी गाठीपायी आईचं स्वरयंत्र काढावं लागलं. सहा महिने ती पाटीवर लिहून बोलली. मग ही पट्टी आली, दोन बोटं रुंद, कापडासारखी मऊ. ओठ आणि गळ्याचे स्नायू हलले की त्यावरून पट्टी शब्द ओळखायची आणि पदराला टाचलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून बोलायची. आवाज थेट आईचाच, कारण नमुना म्हणून अभिराजनं आपल्या गाण्यांत वापरलेली तिच्या बोलण्याची रेकॉर्डिंग दिली होती. भाषा मात्र कुणा परक्याची.

समोर केतकी बसली होती, पुण्याहून आलेली पत्रकार. मागात सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याचं नाव लावणारा रॅपर 'धोटा', म्हणजे हाच अभिराज, त्याच्या आयुष्यावरचा चित्रपट शुक्रवारी येणार होता.

"तुमच्या संगीताचं मूळ कुठं आहे?"

"यंत्रमागाच्या खडखडाटात. त्या ठेक्यावरच वाढलो." हे तो पन्नासाव्यांदा सांगत होता. खरं म्हणजे लहानपणी तो त्या आवाजाला कंटाळून कानात कापूस कोंबून बसायचा. पण लोकांना खडखडाट आवडतो, तर घ्या खडखडाट!

"आणि यश म्हणजे काय?"

तीच तीच उत्तरं हसतमुखानं देणं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. "घरच्यांचा आशीर्वाद," तो म्हणाला आणि त्याचा त्यालाच वीट आला.

केतकी आईकडे वळली. "काकू, मुलगा एवढा मोठा होईल असं वाटलं होतं?"

"मला पूर्ण विश्वास होता. मी नेहमीच त्याच्या पाठीशी उभी राहिले."

केतकीचे डोळे भरून आले. अभिराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठीशी? हिनं त्याचा पहिला हेडफोन पाण्याच्या हौदात फेकला होता! चित्रपटातली आईसुद्धा असलीच गुळमट होती. पण तिथं निदान नटी होती, ही तर सख्खी आई. केतकी निघून जाताच त्यानं गॅलरीत जाऊन पट्टीच्या कंपनीला फोन लावला.

"अहो, तुमच्या यंत्रानं माझी आई गिळली! हे शुद्ध मराठी बंद करा आधी. डोक्याला ताप झालाय नुसता!"

पलीकडे रिसबूड नावाची तंत्रज्ञ होती. तिनं शांतपणे नोंदी पाहिल्या.

"सर, पट्टी आपणहून कुणाचं बोलणं सुधारत नाही. तिला दोन पर्याय असतात, 'जसंच्या तसं' आणि 'प्रमाण', म्हणजे बोली, शिव्या काढून गुळगुळीत पुस्तकी मराठी. तो बदल फक्त आईंच्या अंगठ्याच्या ठशानं होतो. त्यांनी तो तिसऱ्याच दिवशी केलाय."

"चुकून झाला असेल."

"नाही सर. मी पट्टी बसवायला आले होते, तेव्हाच त्यांनी मला पाटीवर लिहून तीनदा विचारलं होतं, कसा करायचा ते."

अभिराज फोन हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात आला. "आई, तूच केलंस हे? का?"

आईनं गॅस बारीक केला. मग तिनं पट्टीच्या कडेला अंगठा टेकवला.

"मग काय करू, मुडद्या?" स्पीकर कडाडला आणि इतक्या दिवसांनी आईची खरी बोली घरात घुमली. "तू माझं भांडाण गाण्यात घातलास. 'मी भाकऱ्या थापून बसलो, कुठं मेलतास रं!' सारा महाराष्ट्र हसला. भाजी आणाय गेलो, तर भाजीवाला म्हणतोय, काय मावशी, बसलो काय? लग्नाला गेलो, तर वरातीत मीच वाजतोय आन् लोकं नाचत्यात. इचारलंतास मला?"

"अगं, पण लोकांना तू आवडलीस म्हणून तर..."

"आवडलो! घशातली गाठ मागनं आली, अभ्या. बोलायचं मी त्याच्या आदीच सोडलोतो. तू बाहेर असायचास, तुला कुठनं कळणार? आता ह्या पट्टीतलं बोलणं कुणी गाण्यात घालत न्हाई. त्येला चवच न्हाई. म्हणून बरं हाय मला."

अभिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे पाय धरावेत असं खरोखरच वाटलं त्याला. पण त्याच क्षणी डोक्यात, नको नको म्हणत असताना, ठेका सुरू झाला होता. गाठ मागनं आली, बोलणं आदीच सोडलो. काय ओळ होती! अशी ओळ त्याला चार वर्षांत सुचली नव्हती.

आईची नजर त्याच्या हातातल्या फोनवर गेली, तिथून रेकॉर्डिंगच्या बटणाशी गेलेल्या त्याच्या अंगठ्यावर.

"अभ्या, खरं सांग. ह्ये बी भरून घ्यायलास काय?"